डी मारिया : सहा देश, एक डावा पाय, आणि दर वेळी आलेलं कोणीतरी मोठं नाव

भुसावळ_यार्ड

नमस्कार मंडळी. खेळ विभागात क्रिकेट सोडून काहीही लिहिलं तरी पाचव्या प्रतिसादाला धोनी येतोच, म्हणून आधीच हात जोडतो. हा धागा फुटबॉलचा आहे, त्यातही विंगरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्याचा.

निमित्त असं की आमच्याकडे भुसावळला संध्याकाळी काही पोरं खेळायला येतात आणि मी त्यांना जमेल तसं शिकवतो. कोण कुठे खेळणार असं विचारलं की अर्धी पोरं विंगला पळतात. मोबाईलवर एंबापेच्या क्लिपा बघून त्यांची समजूत झालीय की विंगर म्हणजे बॉल घ्यायचा, दोघांना चकवायचं, गोल मारायचा आणि कोपऱ्यात जाऊन हाताची घडी घालून उभं राहायचं. मी त्यांना आन्हेल डी मारिया बघायला सांगतो. "सर, तो मेस्सीच्या बाजूला खेळायचा तो?" हो, तोच. मेस्सीच्या बाजूला, त्याआधी रोनाल्डोच्या बाजूला, मध्ये नेमारच्याही. माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

नुसता प्रवास सांगायचा तर चार ओळींत संपतो. अर्जेंटिनात रोसारियो सेंट्रल, २००७ मध्ये पोर्तुगालला बेनफिका, २०१० मध्ये रेआल माद्रिद, २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेड, २०१५ पासून पॅरिस, २०२२ मध्ये इटलीत युव्हेंटस, मग परत बेनफिका आणि २०२५ मध्ये परत रोसारियो. सहा देश. लोक म्हणतात हा टिकत नाही कुठे. मला उलटं वाटतं. तो बहुतेक ठिकाणी टिकला, फक्त त्याची जागा टिकली नाही. २०१३ मध्ये माद्रिदने बेलला आणलं, २०१४ मध्ये हामेस रोड्रिगेसला. पॅरिसमध्ये २०१७ च्या एकाच उन्हाळ्यात २२ कोटी २० लाख युरोंना नेमार आला, वर एंबापे. क्लबला मोठं नाव विकत घ्यायचं असलं की तो बहुतेक वेळा विंगरच असतो, आणि मग आधीच्या विंगरने काय करायचं?

शेतकऱ्यांना सांगायला नको, बांधाकडच्या ओळीला ऊन जास्त मिळतं, पण जनावर शिरलं की पहिलं तोंडही तिलाच लावतं. विंगरचं तसंच आहे.

माद्रिदचा २०१३-१४ चा हंगाम त्यासाठी बघा. डावीकडे रोनाल्डो, उजवीकडे बेल. डी मारियाला जागाच नाही. कोच अँचेलोटीने त्याला मिडफिल्डच्या तिघांत डाव्या बाजूला घातलं, शेजारी अलोन्सो आणि मॉड्रिच. विंगरला मिडफिल्डमध्ये घालणं म्हणजे सहसा शिक्षा असते. पण बॉल आपल्याकडे असला की हा आत, आणि समोरच्याकडे गेला की हा धावत डाव्या कडेला जाऊन चौघांची रांग पूर्ण करायचा, म्हणजे रोनाल्डोला मागे यायला नको. दोन माणसांचं धावणं एकाने केलं. त्याच हंगामात ला लीगात सर्वांत जास्त, १७ असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास) त्याचे. आणि २४ मे २०१४ ला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल. जादा वेळेत, सगळ्यांचे पाय गळालेले असताना, हा डावीकडून बॉल घेऊन आत घुसला, आतलेटिकोच्या बचावपटूंना मागे टाकून फटका मारला, गोलकीपर कोर्तुआच्या पायाला लागून बॉल वर उडाला आणि बेलने डोक्याने ढकलला. पेपरात फोटो बेलचा. सामनावीर मात्र डी मारिया.

आणि त्या उन्हाळ्यात त्यालाच विकलं.

तर चर्चा करू या. त्याची कारकीर्द यशस्वी म्हणायची की अर्धवट? आणि आपल्या पोरांना त्यातून काय दाखवायचं?

लेफ्टी_लोको

झकास विषय, वाचनखूण साठवली. भाऊ, ह्यात रॉबेन घ्याच. तोही ग्रोनिंगेन, पीएसव्ही, चेल्सी, माद्रिद, बायर्न आणि शेवटी परत ग्रोनिंगेन. २००९ मध्ये माद्रिदने रोनाल्डो आणि काका आणले आणि रॉबेन-स्नायडरला बाहेरचा रस्ता दाखवला. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगची फायनल होती माद्रिदच्याच बर्नाबेउवर, आणि मैदानात एका बाजूला बायर्नचा रॉबेन, दुसऱ्या बाजूला इंटरचा स्नायडर. घरमालक टीव्हीवर बघत बसले! म्हणजे जागा जाण्याचा हा प्रकार डी मारियाच्या आधीपासूनचा, आणि दुकानही तेच.

फरक एवढाच की रॉबेनने कधीच दुसरं काही केलं नाही. उजवीकडून आत यायचं, डाव्याने मारायचं. अख्ख्या जगाला माहीत होतं, तरी थांबवता आलं नाही. डी मारिया मिळेल ती जागा घेत गेला. मला व्यक्तिशः रॉबेनचा हट्ट जास्त आवडतो.

कोल्हापुरी_पाहुणा

पाहुणा आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडं पेठापेठांत फुटबॉल चालतो, शाहू स्टेडियमला मॅच असली की दुकानं लवकर बंद होतात. त्यामुळं जरा स्पष्ट बोलतो.

डी मारियाला सगळे फार गोंजारतात. मँचेस्टरचं काय? २६ ऑगस्ट २०१४ ला ५ कोटी ९७ लाख पौंड मोजले, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. सात नंबरचा शर्ट दिला. बेस्ट, कँटोना, बेकहॅम, रोनाल्डोचा नंबर. आणि त्यानं दिलं काय? लीगमध्ये तीन गोल. एफए कपात आर्सेनलविरुद्ध पडल्याचं नाटक केल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं, तर जाऊन रेफरीचा शर्ट ओढला, दुसरं पिवळं आणि बाहेर. आमच्या इथं कोण तालीम संघातला पोरगा असं करता तर त्याला वस्तीत फिरू दिलं नसतं. एका वर्षात चंबूगबाळं आवरून पॅरिसला. ह्यात कुठलं मोठं नाव आलं होतं त्याच्या जागेवर? सांगा की.

भुसावळ_यार्ड

पाहुणे, मुद्दा रास्त. पण त्या वर्षातला लेस्टरविरुद्धचा गोल आठवा. २१ सप्टेंबर २०१४. रूनीकडून बॉल आला, डी मारिया धावत पेनल्टी पेटीच्या कडेपर्यंत गेला आणि गोलकीपर श्मायकेल पुढे येतोय हे बघून त्याने डाव्या पायाच्या बोटांनी बॉल खालून असा उचलला की तो श्मायकेलच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात. मॅच युनायटेड ३-१ वरून ५-३ अशी हरली हा भाग वेगळा, आणि त्या वर्षाची अख्खी गोष्ट त्या मॅचमध्ये आहेच म्हणा. पुढून सोनं, मागून भगदाड.

मँचेस्टरचा कोच व्हान गालने त्याला डावीकडे, उजवीकडे, मध्ये, अगदी फॉरवर्डलाही खेळवलं. अँचेलोटीनेही जागा बदलली होती, पण एकदा बदलून वर्षभर ठेवली. दर आठवड्याला नवी जागा आणि वर्षाला एक नवी जागा ह्यात फरक आहे. रेफरीचा शर्ट ओढला त्याचं समर्थन मी करत नाही.

शिरपूरची_माई

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, मुलगी खेळते म्हणून वाचते. पण मँचेस्टरबद्दल तुम्ही सगळे जागा-जागा करताय, त्याच वर्षी त्याच्या घरात चोर शिरायला आले होते, घरात बायको, लहान मुलगी. ते कोणी लिहिलं नाही. त्यानंतर माणूस परक्या देशात कसा खेळेल? आणि २०२१ मध्ये पॅरिसला पुन्हा तेच. नांतविरुद्ध मॅच चालू असताना घरी चोरी झाल्याचं कळलं, कोच पोचेत्तिनोने त्याला मैदानाबाहेर घेतलं आणि बोगद्यापर्यंत सोबत गेला. मी ते दृश्य बघितलंय. सहा देशांत खेळला म्हणजे सहा देशांत बिऱ्हाड मांडलं, हेही मोजा.

आणि त्याच्या आईची सायकल! मुलगा घरात एका जागी बसत नाही म्हणून डॉक्टरने खेळाला घाला सांगितलं, तर ती बाई पोराला मागे बसवून, मुलीलाही बाजूला बसवून रोसारियोत रोज सायकल मारत सरावाला न्यायची. सायकलला नाव होतं ग्रासिएला. पावसात, थंडीत. वडील कोळशाच्या कामात. हे त्याने स्वतःच लिहिलंय. आमच्याकडे शिरपूरहून धुळ्याला ट्रायल असली तर एसटीचे पैसे आणि एका दिवसाचा रोज बुडतो, तेव्हा मुलीचे वडील विचारतात की ह्याचं पुढे काय. त्यांना मी ही सायकल सांगते.

दीपनगरवाला

माईंनी कोळसा काढलाच म्हणून. त्याच्या घराच्या भिंती मुळात पांढऱ्या होत्या, कोळशामुळे आधी राखाडी आणि मग काळ्या झाल्या, असं त्याने लिहिलंय. तिकडचा लाकडी कोळसा, घरीच पिशव्यांत भरून विकायचा. आमच्याकडचा दगडी. थर्मल वीजकेंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसतं हे विचारा. त्यामुळे ते वाचताना मला बाकी कोणी समजावून द्यायची गरज पडली नाही.

वडिलांनी पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला तीन वाटा दिल्या होत्या : माझ्याबरोबर कामाला ये, शाळा पूर्ण कर, नाहीतर अजून एक वर्ष फुटबॉलला दे. वडील स्वतः रिव्हर प्लेटच्या राखीव संघात खेळलेले, गुडघा गेला म्हणून सुटलं. डिसेंबर २००५ मध्ये पोरगा सेंट्रलच्या मोठ्या संघात उतरला. एका वर्षाचा खेळ होता सगळा. आपल्याकडे दहावीला ग्रेस मार्क मिळेपर्यंत खेळ, मग बंद.

अमळनेरना_पोऱ्या

खरं शे भाऊ. आम्हना गावना पोरे बी जोरमां पयतस, पन त्यासले बॉल देवाले कोनी नही. विंगर एकला काय करी?

(मराठीत : विंगरला बॉल पुरवणारा मागे कोणी पाहिजे. आमच्या शाळेच्या संघात सगळे विंगर आणि सगळे स्ट्रायकर. सुब्रतो चषकाला तालुक्यातून जिल्ह्याला गेलो, तिथे पहिल्याच मॅचला मिडफिल्ड नावाचा प्रकार असतो हे कळलं.)

टॅली_बाबा_जळगाव

पैशाचा भाग कोणी काढत नाहीये म्हणून मी काढतो, धंदा तोच आहे.

फिफाचा एक नियम आहे, त्याला सॉलिडॅरिटी म्हणतात. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात करार चालू असताना विकला गेला की रकमेचे ५ टक्के बाजूला निघतात आणि तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांकडे नोंदलेला होता त्यांच्यात वाटले जातात. १२ ते १५ ह्या प्रत्येक वर्षाला त्या ५ टक्क्यांतले ५ टक्के, १६ ते २३ ह्या प्रत्येक वर्षाला १० टक्के. चारा पाचा वीस, आठा दाहा ऐंशी, बेरीज शंभर.

आता डी मारिया. जन्म १४ फेब्रुवारी १९८८, २००७ च्या मध्यात रोसारियो सोडलं. म्हणजे मूळ रकमेच्या साधारण अडीच ते तीन टक्क्यांवर सेंट्रलचा हक्क. ५ कोटी ९७ लाख पौंडांवर ढोबळमानाने पंधरा ते अठरा लाख पौंड. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या घरात होता, म्हणजे पंधरा-अठरा कोटी रुपये. हा हिशेब कागदावरचा, माझा. आणि हे फक्त एका व्यवहाराचं. त्याआधी माद्रिदला जाताना, त्यानंतर पॅरिसला जाताना परत. ज्या क्लबने लहानपणी काही फुटबॉल देऊन शेजारच्या छोट्या संघाकडून हा पोरगा घेतला होता, त्या क्लबला!

सहा देश फिरला म्हणून तुम्ही हळहळता, पण प्रत्येक सीमा ओलांडताना मागे राहिलेल्या मैदानाला वाटा मिळाला. फुकट सुटलेल्या वेळी मात्र नाही. २०२२ मध्ये पॅरिसचा करार संपून युव्हेंटसला गेला, तिथे रक्कमच नाही तर वाटा कसला.

भुसावळ_यार्ड

टॅली बाबा, हे सोन्याच्या भावाचं लिहिलंत. ह्यात आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जोडतो. हा वाटा मिळायला पोराची नोंदणी लागते. फिफाच्या भाषेत खेळाडूचा पासपोर्ट असतो, त्यात बाराव्या वर्षापासून तो कोणत्या क्लबकडे होता त्याची नोंद. आपल्याकडे महासंघाची ऑनलाइन नोंदणी आहे, पण आपली निम्मी मैदानं कोणत्याच कागदावर नाहीत. उद्या पोरगा मोठा झालाच तर पहिली नोंद पुण्या-मुंबईच्या अकादमीची निघेल आणि भुसावळ गायब. कोच लोकांनी आळस सोडून क्लबची संलग्नता करून घ्यावी. फॉर्म भरायला कोणाला अडचण असेल तर विचारा.

चोपडा_रोड

नोंदणीचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझा पुतण्या चौदा वर्षांचा, डावखुरा, चांगला पळतो. एकाने सांगितलं स्पेनच्या क्लबात ट्रायल लावून देतो, निवड झाली तर तिथेच राहायचं, आधी साडेतीन लाख भरा. फोटो-बिटो दाखवतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर स्पॅनिश शिक्क्याचं पत्र पण आलंय. भाऊ केळीचे पैसे आले की द्यायच्या तयारीत आहे. काय करावं?

टॅली_बाबा_जळगाव

एक पैसा देऊ नका.

भुसावळ_यार्ड

बाबांना अनुमोदन, कारण सांगतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली फिफाच्या नियमाने बंद आहे. अपवाद थोडे : आई-वडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपातल्या युरोपात १६ ते १८ च्या पोरांसाठी, सीमेलगत राहणाऱ्यांसाठी, असे. चोपड्याचा चौदा वर्षांचा पोरगा ह्यातल्या कशातच बसत नाही. पंधरा दिवसांचं शिबिर करून फोटो काढून येता येईल, ते पर्यटन झालं. क्लबकडे नोंदणी होणार नाही. डी मारियासुद्धा बेनफिकाला गेला तेव्हा १९ वर्षांचा होता, देशाकडून त्याच वर्षी कॅनडात २० वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेला.

त्या माणसाला विचारा की मुलाची नोंदणी कोणत्या अपवादात करणार. उत्तर लेखी मागा. बहुतेक फोन बंद येईल.

चोपडा_रोड

विचारलं. "तुम्हाला विश्वास नसेल तर राहू द्या" असं म्हणाला. भावाला हा धागा वाचायला दिलाय.

रावेरचा_केळीवाला

धागा भरकटतोय, फायनलवर या की रे भो!

१८ डिसेंबर २०२२, विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. स्पर्धेत डी मारिया दुखापतीने अर्धा बाहेर. उपांत्यपूर्वला शेवटी थोडा वेळ आला, उपांत्य फेरीत बाकावरच. आणि फायनलला कोच स्कालोनीने त्याला सुरुवातीपासून उतरवलं, तेही डावीकडे! नेहमी उजवीकडे खेळून आत येणारा माणूस. फ्रान्सच्या उजव्या बॅकला (बचावात उजव्या कडेला) कुंडे, मूळचा सेंटर बॅक. त्याच्या पुढे डेम्बेले, ज्याला मागे यायचा कंटाळा. म्हणजे त्या कोपऱ्यात डी मारियासमोर मोकळं रान. डेम्बेलेने मागून पाय लावला, पेनल्टी, मेस्सी, १-०. मग ३६ वं मिनिट. मेस्सीने मध्यरेषेजवळ एका स्पर्शात बॉल वळवला, अल्वारेसने पुढे मॅकअ‍ॅलिस्टरला सोडला, मॅकअ‍ॅलिस्टरने आडवा दिला, आणि डावीकडून धावत आलेल्या डी मारियाने गोलकीपर योरिसच्या वरून जाळ्यात. गोल झाला तेव्हाच तो रडत होता. माझ्या शेजारचे काका म्हणाले, अजून अर्धी मॅच बाकी आहे, हा का रडतोय?

काका बरोबर निघाले. ६४ व्या मिनिटाला स्कालोनीने त्याला काढलं, अकुन्याला घेतलं, आणि ८० व्या-८१ व्या मिनिटाला एंबापेने दोन गोल ठोकले. माझं ठाम मत : डी मारियाला काढलं तिथे मॅच फिरली. पेनल्टीवर वाचलो.

लेफ्टी_लोको

दुखापतीतून उठलेल्या ३४ वर्षांच्या माणसाला शंभर मिनिटं पळवायचं का? काढणं भागच होतं. पण मान्य, तो गेल्यावर फ्रान्सच्या उजव्या बाजूला कोणाची भीतीच उरली नाही.

फायनल्सची यादी बघा मात्र. २००८ बीजिंग ऑलिंपिक, नायजेरियाविरुद्ध १-०, गोल डी मारिया, गोलकीपरच्या डोक्यावरून. २०२१ कोपा अमेरिका, माराकानावर ब्राझीलविरुद्ध १-०, दे पॉलचा लांब पास, रेनान लोदीचा अंदाज चुकला, डी मारियाने एदेरसनच्या डोक्यावरून. २०२२ वेम्बलीवर फिनालिसिमा (दक्षिण अमेरिका आणि युरोपच्या विजेत्यांचा सामना), इटलीविरुद्ध, दोन्नारुम्माच्या वरून. उंच गोलकीपर दिसला की ह्याच्या डाव्या पायाला खाज सुटत असावी.

आणि उजवा पाय? तो उभं राहण्यापुरता. उजव्याने क्रॉस द्यायची वेळ आली की हा डावा पाय मागून फिरवून राबोना मारणार. कोच लोकांनी पोरांना हे शिकवू नये, दोन्ही पाय चालवावेत. पण बघायला काय मजा!

कोल्हापुरी_पाहुणा

फायनलवर बोलताय तर २०१४ पण काढा. ती फायनल तो खेळला असता तर?

दीपनगरवाला

२०१४ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध ११८ व्या मिनिटाला गोल ह्याचाच. मग बेल्जियमविरुद्ध मांडीचा स्नायू गेला. फायनलच्या दिवशी सकाळी माद्रिदकडून पत्र आलं. त्याला अंदाज होता की आत काय असणार, कारण हामेसला आणायचं चाललं होतं आणि ह्याला विकायचं, तर दुखापत वाढू नये म्हणून खेळू नको असंच असणार. त्याने न उघडताच फाडलं. इंजेक्शन घेऊन खेळतो म्हणाला. त्याच सकाळी कोच साबेयाशीही बोलायला गेला, जे संघासाठी योग्य वाटेल ते करा म्हणाला आणि तिथेच रडला. साबेयाने एन्सो पेरेसला खेळवलं. जर्मनी १-०, जादा वेळेत. हेही त्याच्याच लिहिण्यातलं.

यार्ड भाऊंचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त पटतो. मालकाच्या दृष्टीने त्याच्या मांडीची किंमत वेगळी, त्याच्या दृष्टीने वेगळी.

कोल्हापुरी_पाहुणा

हे वाचून जरा मऊ झालोय, पण मँचेस्टरचं माझं मत तसंच आहे.

शिरपूरची_माई

एक विचारायचं राहिलं. तो परत रोसारियोला का गेला? मार्च २०२४ मध्ये तिथे त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या होत्या ना, आलास तर बघून घेऊ म्हणून? इतकं जग बघून माणूस त्याच गावात?

भुसावळ_यार्ड

माई, धमक्या खऱ्या. रोसारियोत अमली पदार्थांच्या टोळ्यांचा उपद्रव मोठा आहे. त्या वर्षी जाणं त्याने रद्द केलं आणि बेनफिकातच थांबला. जुलै २०२४ मध्ये कोपा अमेरिका जिंकून देशाकडून निवृत्त झाला, १४५ सामने, ३१ गोल. २०२५ मध्ये क्लबांच्या विश्वचषकात बेनफिकासाठी चेल्सीविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टीवर बरोबरी करून दिली, जादा वेळेत संघ हरला, आणि मग गेला घरी. त्याच ऑगस्टमध्ये गावातल्याच न्यूवेल्सविरुद्ध फ्री किकवर गोल मारून १-० जिंकून दिलं. रोसारियोत सेंट्रल आणि न्यूवेल्स म्हणजे घराघरांत भांडणं. मेस्सी न्यूवेल्सचा, हा सेंट्रलचा, हेही लक्षात घ्या. आणि आता त्या संघात तोच सगळ्यांत मोठं नाव. दुसरा कोणी येऊन त्याला हलवणार नाही.

सावदेकर

माझा प्रश्न छोटा आहे. मुलगा उजव्या पायाचा, शाळेच्या सरांनी त्याला डावीकडे घातलंय. घरी येऊन कुरकुर करतो. सर बरोबर आहेत का?

भुसावळ_यार्ड

बरोबर असू शकतात. उजव्या पायाचा पोरगा डावीकडे असला की आत वळताना बॉल त्याच्या चांगल्या पायावर येतो आणि समोर गोल दिसतो. रॉबेनचं तेच, उलट्या बाजूने. पण दोन अटी. एक, त्याच्या मागचा लेफ्ट बॅक बाहेरून पळत पुढे यायला हवा, नाहीतर हा दर वेळी आतच वळणार हे दहा मिनिटांत समोरच्याला कळतं. दोन, बॉल गेल्यावर परत यायची सवय. सरांना विचारा की बॅकला पुढे जायची मुभा दिलीय का. दिली नसेल तर पोराची कुरकुर रास्त आहे.

घरी सरावाला सोपं सांगतो. कडेच्या रेषेपासून चार पावलांवर एक विट ठेवा. बॉल घेऊन विटेपर्यंत धावायचं, एकदा उजव्याने आत, एकदा डाव्याने बाहेर, आळीपाळीने. डाव्याने बाहेर नेलेला बॉल सुरुवातीला गटारात जाईल. जाऊ द्या.

अमळनेरना_पोऱ्या

सेंट्रलची मॅच आपल्याकडे किती वाजता असते भाऊ?

लेफ्टी_लोको

अर्जेंटिना आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिकडे रात्रीचे ९ म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच.

अमळनेरना_पोऱ्या

मंग बरं शे. त्या टायमाले नळले पानी येस, उठेलच ऱ्हास मी.